बर्फ तुमच्याकडे आहे, शेठ

प्रति,
कोकणपट्टीतल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांचे, काजू फॅक्टऱ्यांचे आणि आंबा कॅनिंगवाल्यांचे सर्व मालक, मॅनेजर आणि ठेकेदार यांस

विषय: आईचं दूध काढायला जागा आणि ठेवायला फ्रीज मिळणेबाबत

सप्रेम नमस्कार.

विषय वाचूनच निम्म्या जणांनी पत्र बाजूला सारलं असेल, याची कल्पना आहे. आपल्या धंद्यात खरं तर कुणाला कसली शिसारी नसते. माशाच्या पोटातलं काय काय आपण दिवसभर हाताळतो. पण ‘आईचं दूध’ म्हटलं की सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागतात. म्हणून सुरुवात तुमच्या ओळखीच्या मालापासून करते.

बांगडा जाळ्यातून निघाला की घड्याळ सुरू होतं. बोटीवरच बर्फ पडला नाही, तर बंदराला लागेपर्यंत त्यात हिस्टामाइन नावाचं विष तयार होतं, आणि ते एकदा झालं की मग माल गोठवा नाहीतर शिजवा, जात नाही. म्हणून किलोला किलो बर्फ. म्हणून चार अंशांच्या खाली. आधी आलेला माल आधी बाहेर, आणि विरघळलेला माल पुन्हा गोठवायचा नाही. रत्नागिरीच्या एका कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढल्यावर हे मला झोपेतही म्हणता येतं. तुम्हाला तर ते वाडवडिलांपासून ठाऊक आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर खेळणारा पोरगासुद्धा सांगेल, बर्फ कमी पडला की भाव पडला.

आता बांगडा बाजूला काढा आणि त्या जागी आईचं दूध ठेवा. स्वच्छ हात, स्वच्छ भांडं, लगेच थंड, डबीवर तारीख-वेळ, जुनं आधी संपवायचं, वितळलेलं परत गोठवायचं नाही. यातला एकही नियम तुम्हाला नवा नाही. तरीही गेल्या ऑक्टोबरात, ज्या इमारतीत उणे अठरा अंशांना टनावारी माल पडून होता, त्याच इमारतीत माझ्या मुलीचं वाटीभर दूध ठेवायला थंड जागा मिळाली नाही. मी ते बेसिनमध्ये ओतलं. अकरा दिवस ओतलं.

मुलगी झाली गेल्या वर्षी २६ मे रोजी. रजा नियमाप्रमाणे २६ आठवडे मिळाली, पगारी मिळाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हे २६ आठवडे बाळ जन्मल्यापासून मोजायचे नसतात, हे हिशेबाला बसल्यावर कळतं. पाय सुजायला लागले म्हणून मी पाच आठवडे आधी घरी बसले, ते त्यातूनच गेले. कायदा आठ आठवडे आधी घ्यायची मुभा देतो. जी ते घेते, तिचं बाळ ती कामावर परत जाते तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं असतं. माझी मुलगी पाच महिन्यांना आठवडा कमी होती. इकडे डॉक्टर, आशाताई, अंगणवाडीची भिंत, सगळे एका सुरात सांगतात की सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, आणि पुढेही वरच्या जेवणाबरोबर दोन वर्षं पाजा. मधल्या आठवड्यांचं काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं नसतं.

आणि मी तरी कायम नोकरीतली. ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या, किलोवर कोळंबी सोलणाऱ्या बाया अडीच-तीन महिन्यांत परत उभ्या राहतात. रजेचं कागदोपत्री काय ते ठेकेदाराला ठाऊक. त्यांच्यावर पुढे येतेच.

कायद्याची गोष्ट आधी उरकते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासून बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज, जेवणाच्या सुटीशिवाय, दोन जादा सुट्या आहेत आणि त्यापोटी मजुरी कापता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे आले आणि पन्नास किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे पाळणाघर आलं. त्याच्याही आधी, १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून जास्त बाया असतील तर पाळणाघर सांगितलेलंच होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे पुढे चालवलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. बाळ जवळ आहे. सुटी झाली की आई जाईल, पाजेल, परत येईल. माझं बाळ भाट्याच्या पुलापलीकडे चौदा किलोमीटरवर सासूबाईंच्या मांडीवर असतं. पाळणाघर उद्या झालं तरी पाच महिन्यांच्या लेकराला सकाळच्या भरलेल्या एसटीतून, अमोनियाच्या प्लँटशेजारी घेऊन यायला मी तयार नाही, आणि तुम्हीही तुमची नात तशी आणणार नाही. तेव्हा कायद्याने जी दोन वेळची सुटी दिली आहे ती आमच्यासारखीला एकाच कामाला उपयोगी पडते, दूध काढून ठेवायला. आणि नेमकं त्याला लागणारं काहीच, म्हणजे कडी लागणारी खोली आणि थंडावा, कायद्यात लिहिलेलं नाही. ते तुमच्या मर्जीवर आहे. म्हणून हे पत्र कामगार खात्याला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

सुटीचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. मला पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या मिळाल्या. मिळाल्या, हे आधी नोंदवते. आता प्रोसेसिंग हॉलमधून बाहेर पडायचं म्हणजे हातमोजे, मास्क, एप्रन काढायचा, गमबूट पायधुणीतून धुवून रॅकवर ठेवायचे, केसांची जाळी काढायची, पांढरा कोट लटकवायचा. परत आत जाताना हेच उलट्या क्रमाने, शिवाय साबण, पाणी, क्लोरिनचं पाणी, पुसणं. मी घड्याळ लावून पाहिलं. बाहेर पडायला चार मिनिटं, आत यायला पाच. उरली सहा. त्यात हात पुन्हा धुवायचे, कारण क्लोरिनचा वास छातीला लागला तर रात्री मुलगी तोंड फिरवते, हा माझा अनुभव. साबण लावून, साध्या पाण्याने, नखांपर्यंत. राहिली चार मिनिटं.

चार मिनिटांत दूध येत नाही. नळ सोडल्यासारखं ते नसतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणं भाग आहे. दूध भरलेलं असतं, पण उतरायला पान्हा फुटावा लागतो, आणि पान्हा हे डोक्याचं काम आहे. बाळ आठवलं, त्याच्या टाळूचा वास आठवला, की तो फुटतो. बाहेरून कुणी दार ठोठावलं, की अडतो. हाताने काढताना पहिली दोन-तीन मिनिटं नुसते थेंब पडतात. मग धार लागते. माझी धार लागायची तेव्हा आत जायची वेळ झालेली असायची. उलट, हॉलमध्ये सोळा अंशांत उभं राहून कोळंबीचे काउंट मोजताना कुणाच्या मोबाइलमधून बाळाचं रडणं ऐकू आलं, की एप्रनच्या आत सगळं भिजून जायचं. दूध वेळापत्रक पाळत नाही.

आणि हे सगळं कुठे? पहिले तीन दिवस संडासात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुम्ही तिथे बसून जेवाल का, एवढंच विचारते. मग पॅकिंग हॉलच्या मागे जुनी कार्टन ठेवायची खोली आहे तिथे, थर्माकोलच्या पेट्यांच्या आडोशाला. दाराला कडी नाही. एक सहकारीण दारात उभी राहायची, तिची स्वतःची चहाची सुटी खर्च करून. ती मोहल्ल्यातली, तिला तीन मुलं, तिन्हींच्या वेळी तिने छातीला ओढणी आवळून बांधून काम केलेलं. ‘दूध आटवून टाकायचं, दुसरं काय करणार’, असं ती अगदी सहज म्हणाली. त्या सहजपणाने मी जास्त हलले.

आवळून बांधलं की खरंच आटतं. दूध जितकं निघतं तितकं बनतं, साचून राहिलं की शरीराला वाटतं आता गरज नाही. पण आटायच्या आधी जे होतं ते भोगावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात माझी डावी बाजू दगडासारखी झाली. वर लाल पट्टा, हात लावला तरी कळ, रात्री थंडी वाजून १०२ ताप. डॉक्टरांनी स्तनदाह म्हणून औषध दिलं आणि सांगितलं, पाजणं थांबवू नका, त्या बाजूचंही पाजा, साचू देऊ नका. मी म्हटलं, घरी पाजते हो, कामावर काय करू? त्यांच्याकडे त्याचं औषध नव्हतं. चार दिवस गैरहजर राहिले. त्या चार दिवसांत दोन कंटेनर निघायचे होते. सॅम्पलिंग दुसऱ्या शिफ्टच्या मुलाने केलं आणि एका लॉटचे कागद पुन्हा नव्याने करावे लागले. एका कडीची आणि लहानशा फ्रीजची किंमत त्यासमोर मांडून बघा, हिशेब तुम्हीच जास्त चांगला करता.

आता बर्फाचं. अकरा दिवस ओतलं म्हटलं ना, बाराव्या दिवशी फ्लेक आइसच्या मशीनवरच्या काकांनी मला थांबवलं. साठीला आलेला माणूस, तीस वर्षं बर्फच बघतो आहे. मला म्हणाले, ‘मॅडम, घरून डबा आणा, बर्फ मी देतो.’ एवढंच. कशाला, काय, काही विचारलं नाही. मी लग्नात आलेला चपात्यांचा कॅसरोल घेऊन गेले. त्यात खाली बर्फ, मध्ये घट्ट झाकणाच्या दोन स्टीलच्या डब्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वरून बर्फ. (तो बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो, त्याचे रिपोर्ट मीच काढते.) सवयीने थर्मामीटर खुपसला. सकाळी साडेदहाला एक अंश, संध्याकाळी घरी पोचल्यावर दोन अंश. एसटी भाट्यापाशी अर्धा तास अडकूनसुद्धा. माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत मला एवढं समाधान देणारं दुसरं रीडिंग आठवत नाही.

ज्या नव्या आया हे वाचतील त्यांच्यासाठी आणि ज्या मॅनेजरांना ‘नेमकं किती वेळ लागतो’ असा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी, कसं करते ते लिहिते. पंप लागतोच असं नाही, मी हातानेच काढते. हात धुतल्यावर एक मिनिट कोमट फडकं. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळसर भागाच्या जरा मागे; आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. कातडीवरून घासायचं नाही. एक बाजू मंदावली की दुसरी, मग पुन्हा पहिली. बसल्यापासून वीस मिनिटं धरा. तेवढा वेळ जमला की मला ऐंशी-नव्वद मिली मिळायचं, जेवणाच्या सुटीत थोडं जास्त.

ठेवायचे नियम असे. पंचवीस अंशांच्या आत असेल तर काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं. आपल्याकडे ऑक्टोबरात सावलीतही पारा तिशी ओलांडतो, म्हणून चार तास ही मी शेवटची हद्द मानते आणि काढल्याबरोबर बर्फात घालते. भरपूर बर्फ असलेल्या पेटीत ते दिवसभर निभावतं. फ्रीजमध्ये चार अंशांना चार दिवस ठेवता येतं असं म्हणतात, पण आपल्या घरातला फ्रीज दिवसातून पन्नास वेळा उघडतो आणि वीज तर पावसाळ्यात पाहुण्यासारखी येऊन जाते. आपल्याकडचे बरेच डॉक्टर चोवीस तासच सांगतात आणि मी तेच पाळते. उणे अठराच्या फ्रीजरमध्ये सहा महिनेसुद्धा राहतं, मात्र भांडं काठोकाठ भरायचं नाही, गोठताना फुगतं. हे बर्फवाल्यांना सांगायला नको. गोठवलेलं एकदा वितळलं की फ्रीजमध्ये चोवीस तास, कोमट केलं की दोन तास, बाळाच्या तोंडचं उरलेलं दोन तासांत संपवायचं किंवा टाकायचं. कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर नियम याहून कडक, तिथे डॉक्टरांनाच विचारायचं.

काढून ठेवलेल्या दुधात काही राम नसतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. मुंबईला सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जादा दूध दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला द्यायचं असल्याने तिथे ते तपासून साडेबासष्ट अंशांना अर्धा तास तापवतात, मग गोठवतात, आणि इवल्या इवल्या बाळांना जगवतात. स्वतःच्या बाळाला स्वतःचं दूध द्यायला तेवढंही करावं लागत नाही.

घरची आघाडी वेगळी होती. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत दोन डब्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. संध्याकाळी आले तर डब्या घासून पालथ्या. ‘प्यायली का?’ विचारलं तर सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, ‘अगो, नासलं होतं ते. वर साय जमली न् खाली पाणी. ओतलं जास्वंदीच्या मुळात.’ एकशे साठ मिली. माझ्या दोन सुट्या, काकांचा बर्फ, सहकारणीची चहाची वेळ, सगळं जास्वंदीला. मी काही बोलले नाही, मोरीत जाऊन रडले. चूक त्यांची नव्हती. ठेवलेल्या दुधावर स्निग्ध थर वर येतो, खालचं निळसर पातळ दिसतं, अलगद हलवलं की एकजीव होतं, हे मी सांगायला विसरले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक शंका काढली. आपल्या घरात दूध म्हणजे आधी उकळायचं. न तापवलेलं दूध बाळाला कसं द्यायचं? मग गरम पाण्याच्या पातेल्यात डबी उभी करून कोमट कसं करायचं ते दाखवलं. उकळलं तर त्यातली जंतूंशी लढणारी शक्ती जाते, आणि मायक्रोवेव्हमध्ये कुठे थंड, कुठे चटका बसेल असं तापतं. त्यांनी ऐकून घेतलं, माळ्यावरून माझ्या नवऱ्याच्या वेळचं चांदीचं बोंडलं (बाळाला पाजायची चोचीची वाटी) काढलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि नातीला पाजायला बसल्या. डॉक्टरांनी वाटी-चमचा सांगितला होता. पण बोंडलं घासायला बाटलीसारखं अवघड नाही आणि बाटलीची सवयही लागत नाही, म्हणून मी तिथे हट्ट केला नाही. आता सासूबाईच वाडीतल्या दुसऱ्या बायकांना शिकवतात, ‘हलवायचं, उकळायचं नाही.’

दूध कमी पडतंय असं वाटलं की आमच्याकडे मोरी आणतात, शार्कचं पिल्लू, आणि बाळंतिणीला त्याचं कालवण घालतात. मी वाट्यावर वाट्या खाल्ल्या. आळिवाची खीर, डिंक, पेज, सगळं झालं. त्याने किती दूध वाढलं ते देव जाणे. कडी लागणाऱ्या खोलीत वीस मिनिटं मिळाली असती तर नक्की वाढलं असतं, कारण न काढलेलं दूध कुठलीही मोरी परत आणत नाही.

‘मग पावडरचा डबा द्या की’, असं एका वरिष्ठांनी चांगल्या मनाने सुचवलं. ज्या आईला इलाजच नाही तिने दिला तर तिला कुणी बोल लावू नये, मी तर नाहीच लावणार. पण पावसाळ्यात आपल्या विहिरींचं पाणी काय असतं ते आपण कारखान्यात रोज तपासतो. त्या पाण्यात कालवलेली पावडर, आणि घरचं ताजं दूध बेसिनमध्ये. बाळाच्या पावडरच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

नोव्हेंबरात मला सांगण्यात आलं की कॅसरोल माझ्या टेबलाखाली ठेवता येणार नाही. कारण, दूध अ‍ॅलर्जनच्या, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या, यादीत आहे. हे खरं आहे, युरोपच्या यादीत दूध आहे. मासळी आणि कोळंबीही आहे, पण ते असो. ऑडिटर येणार म्हणून सगळे घाबरलेले असतात आणि घाबरलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. नियम म्हणून ते बरोबरच होतं, प्रक्रिया विभागात आणि सॅम्पलच्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याची वस्तू नकोच. दुसऱ्या कुणी ठेवली असती तर मीच शेरा मारला असता. म्हणूनच तर वेगळी जागा मागते आहे. कॅसरोल मग सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, हेल्मेटांच्या शेजारी राहिला, हंगाम संपेपर्यंत.

आता किलोवरच्या बायांचं. मी पगारी आहे, माझी वीस मिनिटं तुम्ही मोजता. त्यांची वीस मिनिटं त्या स्वतः मोजतात. सुटी घेतली तर तेवढी कोळंबी शेजारणीच्या टबात जाते. कायद्यात मजुरी कापायची नाही असं आहे, पण जिची मजुरी किलोवर आहे तिची कापावी लागतच नाही, ती आपोआप कमी भरते. काजूत तर याहून वाईट. कवचाच्या तेलाने बोटं काळी पडतात, सोलवटतात, आणि तो थर साबणाने निघत नाही. त्या हातांनी दूध कसं काढायचं आणि त्या हातांनी बाळाला तरी कसं घ्यायचं? तिथे आधी हातमोजे द्यावे लागतील, मग खोली. कॅनिंगवाल्यांचा हंगाम मे महिन्यातला, पत्र्याखाली, रसाच्या वाफेत. तिथे चार तासांचा हिशेब धरूच नका, काढल्याबरोबर बर्फ. किलोवरच्या बायकांना दिवसाकाठी दोन सुट्यांचे सरासरी पैसे धरून द्या. एखाद्या शेडमध्ये तान्ह्या बाळाच्या आया एका वेळी असतात तरी किती? दोन, फार तर तीन.

हिरकणीचं नाव घ्यायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. प्रत्येक महिला दिनाच्या भाषणात ती येते, एसटी स्टँडवरच्या कक्षालाही तिचंच नाव आहे. पण रायगड आमच्या उशाशी, आणि गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. गडाचे दरवाजे बंद झाले, तान्हं बाळ खाली घरी, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा मान केला, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. किल्ल्याच्या दृष्टीने ते अगदी योग्य होतं. जिथून आई उतरते तिथून शत्रू चढतो. आपल्या कारखान्यांना शत्रूची भीती नाही. तरी या गोष्टीतला फक्त दरवाजा आणि बुरूज तेवढा आपण उचलला आहे, असं मला गमबूट काढताना रोज वाटायचं.

तर मागणी. कडी लागणारी एक खोली, आत खुर्ची, पंखा, साबण आणि साध्या पाण्याचा नळ. प्रक्रिया विभागाबाहेर एक लहान फ्रीज, ज्यात दुसरं काही ठेवायचं नाही, आणि वीज गेली तर शेजारी बर्फाची पेटी. जनरेटर तुमच्याकडे असतोच. सुटी मोजायची ती खुर्चीत बसल्यापासून, गमबूट काढल्यापासून नव्हे. डब्यांवर नाव, तारीख, वेळ; तो तक्ता मी बनवून देईन, आपल्या चिल रूमच्या तक्त्यासारखाच. आणि दाराबाहेर ‘महिला विश्रांती कक्ष’ वगैरे पाटी नको, नाहीतर महिनाभरात तिथे जुने संगणक येऊन बसतील. सरळ ‘आईचं दूध’ लिहा. वाचून लाजायचं त्यांनी लाजावं.

वीजेचं मी उगाच लिहीत नाही. निसर्ग वादळ आलं २०२० च्या ३ जूनला, पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते. दोन्ही वेळा किनाऱ्यावर किती गावं किती दिवस अंधारात होती ते तुम्ही पाहिलंत. त्या दिवसांत आईच्या अंगावरचं दूध तेवढं वीज मागत नाही. पण ते अंगावर टिकायला हवं असेल तर उरलेले दिवस ते काढावं लागतं.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला बोटी बाहेर पडतील, दोन-चार दिवसांत हॉल भरतील. त्याच १ तारखेपासून ७ तारखेपर्यंत जागतिक स्तनपान सप्ताह असतो. दवाखान्यांत पोस्टर लागतील, तुमच्यातल्या काहींना पाहुणे म्हणून बोलावणंही येईल. जरूर जा. जाण्याआधी कडी बसवून जा.

माझी मुलगी २६ ऑगस्टला पंधरा महिन्यांची होईल. म्हणजे माझ्या हक्काचे पंचवीस दिवस उरले आहेत, तेवढ्यात माझ्यासाठी काही होणार नाही हे मला कळतं. आताशा ती भात-आमटी खाते, बोंडलं हाणून पाडते, रात्रीच काय ती पिते. पण आमच्या ग्रेडिंगच्या टेबलावर एक मुलगी आहे, ठेकेदाराच्या पटावरची, सातवा चालू आहे. ती डिसेंबरात परत उभी राहील. परवा मला विचारत होती की तो चपात्यांचा डबा कुठल्या दुकानात मिळतो.

तिला मी डबा देते आहे. खोली तुम्ही द्या. पॅकिंग हॉलच्या मागची, कार्टनची. खिडकी आहे तिला, समुद्राचा वारा येतो. किल्ली सिक्युरिटीकडे दुसऱ्या खुंटीवर असते.

कळावे,
आपली,
क्वालिटी कंट्रोलमधली एक, रत्नागिरी